अर्धी कणीक सोडून उठणं

मी गाव सोडलं तेव्हा पोहोचवायला फक्त माझा दीर भाऊराव आला होता. मे महिना होता. तेंदूपत्ता तोडायला सगळे जंगलात जातात, सकाळी आमच्या गावात म्हातारे आणि कुत्रे तेवढे उरतात. आमगाव स्टेशनावर त्यानं माझं गाठोडं बाकावर ठेवलं, माझा नातू सुमित आणि नात परी यांच्या हातात एकेक बिस्किटपुडा दिला आणि घरी चार वेळा विचारलेलं पुन्हा विचारलं.

"काऊन जाऊन राहिली वयनी? पोरायले होस्टेलात टाक. तू आपली घरी बस."

"तूच जा होस्टेलात," मी म्हटलं. "दोन वेळचं आयतं भेटते."

तो हसला नाही. गाडी आली, त्यानं पोरांना वर चढवलं आणि गाडी हलायच्या आधीच निघून गेला. घरी बैल बांधलेले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही माझ्या मुलाची पोरं. मुलगा आजारानं गेला. सून वर्षभर थांबली, मग तिच्या भावांनी बालाघाटकडं तिचं दुसरं लग्न लावून दिलं. त्या घरात पोरं नको होती. मी तिला बोल लावत नाही, तिचं वयच काय होतं. पोरं माझ्याकडं राहिली. सुमित तेव्हा सहा वर्षांचा, परी तीनची.

आमचं घर तलावाच्या पाळीला लागून आहे. मी धानाच्या कामाला जायची, आणि धानाच्या कामाला घड्याळ नसतं. सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरलं की काम होईपर्यंत तिथंच. एकदा परी पाळीवरून पाण्याकडं उतरताना गुराख्याला दिसली. त्यानं बखोट धरून घरी आणली. झालं काहीच नाही, पण त्यानंतर माझे हात चिखलात आणि डोळे पाळीकडं असं सुरू झालं. दीर म्हणायचा होस्टेल. जाऊ म्हणायची होस्टेल. तिला तिचं काम होतं, तिनं तरी कुठवर बघावं. मला एवढंच दिसत होतं की कधी सुरू होतं आणि कधी संपतं हे आधी ठाऊक असेल असं काम मिळालं, तरच ही पोरं माझ्याजवळ राहतील. नाही तर एक दिवस दीर त्यांना घेऊन जाईल आणि मला त्याला अडवता यायचं नाही.

तसं काम शहरात असतं असं ऐकलं होतं.

गाव सोडलेल्या तुमच्यापैकी कोणी हैदराबादला गेलं, कोणी सुरतेला. माझं गोंदिया गाडीनं अर्ध्या तासावर. कोणी याला गाव सोडणं म्हणणारही नाही. पण गावात मी रस्त्यानं निघाले की पाच जणी विचारायच्या, कुठं चालली वो. गोंदियात खोली घेतली त्या गल्लीत महिनाभर मला कोणी काही विचारलं नाही. सगळे हिंदी बोलत. मला हिंदी समजते, पण हिंदीत मला भांडता येत नाही, आणि भांडता येत नाही त्या भाषेत माणूस गरीबच दिसतं. रविवारी विहारात वंदनेला जायची. तिथल्या बायका चांगल्या होत्या, गाव विचारायच्या, बस म्हणायच्या. पण त्यांना घरी जायचं असायचं. मला माझ्या खोलीवर जायचं असायचं. त्यात फरक होता.

काम शोधायला पावसाळा गेला. एका घरी दोन तासांचं म्हणून धरलं. दोन तासांनी बाई म्हणायची, अम्मा, जरा गहू निवडून जा, जरा मुलाला बघ, मी आलेच. माझी पोरं कोण बघेल, हे तिच्या डोक्यात येत नव्हतं. एका दवाखान्यात आयाचं काम होतं, पण एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. राइस मिलमध्ये झाडायला बाई हवी होती. किती वाजता, विचारलं तर मुनीम म्हणाला, गाडी आएगी तब. ती काय धानाची बांधीच झाली. मी परत फिरले.

शेवटी मेस मिळाली. कॉलेजची मुलं तिथं जेवतात. मालकीणबाईला सगळे भाभीजी म्हणतात. पोळ्या लाटायच्या, दहा ते दीड. मी तिला दोनदा विचारलं, दीड म्हणजे दीडच ना. ती म्हणाली, "अम्मा, डेढ़ मतलब डेढ़. मेरे को झिकझिक पसंद नहीं." मला ती बाई आवडली.

परीची अंगणवाडी दोनला सुटायची. सुमित नगरपालिकेच्या शाळेत संध्याकाळपर्यंत. सगळं वेळेत बसलं होतं. भाऊरावला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "बघू किती दिवस टिकते."

मेसमध्ये माझ्या शेजारी गीता बसायची, छत्तीसगडकडची, तिशीच्या आतली. दोघींची कणीक वेगवेगळ्या परातीत. माझे हात चालतात, माझी परात दीडच्या आत रिकामी व्हायची. तिच्या परातीत गोळा उरलेला असायचा.

आता आमच्याकडं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, कसा होतो ते ज्यांनी केला त्यांना माहीत आहे. बायका ओळीनं बांधीत उतरतात आणि रोपांचे पऱ्हे लावत मागं मागं सरकतात. आपला भाग झाला म्हणून कोणी बांधावर चढत नाही. जिचा मागं राहिला तिच्याकडं दोन्ही बाजूंच्या सरकतात, न बोलता, आणि सगळ्या एकदमच वर येतात. हे कोणी शिकवलेलं नाही. माझी सासू तसंच करायची, मीही तसंच केलं. मग गीताची परात भरलेली असताना मी उठणार कशी? पदर खोचून तिच्या परातीतला अर्धा गोळा ओढून घ्यायची. पोळ्या संपेपर्यंत दोन वाजून जायचे.

अंगणवाडीची मदतनीस पहिले काही दिवस गप्प राहिली. मग सुरू झाली. "आजी, तुमच्या घरी घड्याळ नाई का?" मग, "आजी, मले बी पोरं आहेत." एक दिवस मी पोहोचले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि ती परीला घेऊन पायरीवर बसली होती. परी रडून रडून झोपली होती. मदतनीस म्हणाली, "हे शेवटचं सांगून राहिली मी. उद्या टाइमावर नाई आले तं मॅडमले सांगतो, पोरीले घरीच ठेवा म्हणून."

घरीच ठेवा म्हणजे मेस बंद. मेस बंद म्हणजे भाऊराव. मी परीला कडेवर घेतलं आणि रस्ताभर गीतावर चिडत आले. एवढी तरणी बाई, आणि हात हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझी कणीक संपल्यावर मी तिला म्हटलं, "आज से मैं नहीं रुकूँगी. मेरी पोरगी बाहर बैठती है."

गीतानं लाटणं थांबवलं. "तो जाओ न अम्मा. आपको रोका किसने?"

"तेरा इतना बाकी रहता है इसलिए."

"मेरी छुट्टी पाँच बजे है," ती म्हणाली. "आटा तीन तक चलाती थी आराम से. आप खत्म कर देते हो तो भाभीजी मेरे को बर्तन पर बिठा देती है." मग तिला वाटलं असावं की जास्तच बोललं गेलं, म्हणून तिनं आवाज खाली केला. "मैं सोचती थी आपके घर में कोई नहीं होगा. टाइम पास के लिए बैठते होंगे. बुजुर्ग को कैसे बोलूँ."

मी इतके दिवस तिला मदत करत नव्हते, भांडी घासायला लावत होते. तिथं ओळच नव्हती. तिची परात तिची होती, माझी माझी, आणि दोघींना एकत्र वर यायचं नव्हतं. मी हात धुतले आणि निघाले. दाराशी वळून पाहिलं तर ती लाटत होती, हळूहळू, तिला हवं तसं. तिनं वर पाहिलं नाही. कशाला पाहील.

तेव्हापासून मी रोज दीडला उठते. परीला आता पायरीवर बसावं लागत नाही. ती आता मला दादी म्हणते, आणि मी तिला टोकत नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत जाईल. भाऊराव होस्टेलचं नाव काढत नाही. मला हवं होतं ते मिळालं. दुपारी खोलीवर येते, परी झोपते, सुमित यायला तीन तास असतात. शेजारच्या दारांना आतून कडी असते. मी बसून राहते. इतका रिकामा वेळ माझ्याजवळ आधी कधी नव्हता, आणि त्याचं काय करायचं ते मला येत नाही.

यंदा रोवण्यात एका रविवारी पोरांना घेऊन गावी गेले. पोरं जावेजवळ ठेवली आणि बांधीत उतरले. सुमन माझ्या एका बाजूला होती, जिच्याबरोबर मी तीस-चाळीस रोवणे केले असतील. चिखल गार होता. पाठ दुखत होती, पण हात विसरले नव्हते. बायका गोंदियाच्या मेसवरून माझी थट्टा करत होत्या, आता तुले पोळ्या गोलच येत असतील वो, आमच्यासारख्या नकाशाच्या नाही. मी बोलत होते, मराठीत, मनासारखं भांडतही होते.

मग माझ्या गाडीची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी शाळा होती, मेस होती. माझा भाग झाला होता. सुमनचा मागं राहिला होता, पलीकडच्या दोघींचाही. मी सरळ उभी राहिले, पाय धुतले आणि बांधावर चढले. हे मी विचार करून केलं नाही. पाय आपोआप उठले, मेसमध्ये उठतात तसे.

ओळ थांबली. सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडं पाहिलं. मग सुमन म्हणाली, "जा बाई. तुया टाइम झाला," आणि पुन्हा वाकली. तिच्या बाजूच्या दोघी तिच्याकडं सरकल्या.

मला लाज वाटली. पण गाडीत बसल्यावर वाटलं ते वेगळं. इतके महिने मी रोज शेजारणीची अर्धी कणीक तशीच सोडून उठते आहे आणि गोंदियात एकाही माणसानं मान वर केलेली नाही. गाव म्हणजे आता माझ्यासाठी तेवढीच जागा उरली आहे, जिथं मी मधूनच उठले तर ओळ थांबते. तिथं मी राहत नाही. पोरं माझ्याजवळ राहावीत म्हणून तिथं राहणारही नाही.