मातामायचा बोकड आणि माझा गळा

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात गळ्याला गाठ आलेली बाई काही नवी नव्हती. माझ्या गळ्यावर सुपारीएवढी गाठ दिसली तेव्हा सासू म्हणाली, "गलगंड आहे, राहू दे." स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती, माझी मुलगी नुकती चालू लागली होती. गाठ लिंबाएवढी झाली. मग घास अडकू लागला, मग आडवी झाले की श्वास. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची आणि पोरीकडे बघून रडायची. मरणाची भीती वाटत नाही म्हणणारे खोटं बोलतात. मला भयंकर भीती वाटत होती.

सासूनं मातामायला, आमच्या गावदेवीला, बोकड बोलला. गाठ वाढली, म्हणून दुसरा. नवसाच्या बोकडाची आतडी घरच्या कुत्र्याला द्यायची आमच्याकडे रीत. खळं राखतं, तर त्याचाही वाटा. कलेजीत पाण्याचा फोड निघाला की सासू तेवढा तुकडा कापून त्याच्यापुढेच टाकायची. माणसानं तो खाऊ नये एवढी अक्कल होती, बाकी देवीची मर्जी. तेच कुत्रं इतकी वर्षं माझे हात चाटत आलं होतं, आता पोरीचं तोंड चाटायचं.

शेवटी नवऱ्यानं आईचं न ऐकता मला रेल्वेनं नागपूरला नेलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बशीत काढून ठेवलेली गाठ दाखवली. पांढरट, पातळ, पाण्यानं भरलेला फोड. मी तो लगेच ओळखला.

"घरात कुत्रं आहे? त्याला बकऱ्याची कलेजी घालता?" डॉक्टरांनी विचारलं. फोडातला किडा कुत्र्याच्या पोटात वाढतो आणि त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून, त्याच्या तोंडाला-अंगाला लागून माणसाच्या पोटात जातात आणि रक्तातून कुठंही, गळ्यातसुद्धा, फोड धरतात, असं त्यांनी समजावलं. ऑपरेशननं माझा आवाज गेला होता. नवऱ्यानं मान हलवली. कुत्रं दूर करायचं ठरवूनच आम्ही घरी निघालो.

पोचलो तर अंगणात तिसरा बोकड कापलेला, मी वाचले म्हणून. कोपऱ्यात कुत्रं आतडं ओढत होतं आणि पोरगी त्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. नुसती हवा निघाली.

"रडून काऊन राहिली व?" सासू म्हणाली. "मातामायनं तुले परत देलन."

कुत्रं त्याच दिवशी घरातून गेलं. पोरगी आता स्वतः आई आहे. माहेरी आली की मी तिची वेणी घालते आणि हळूच गळा चाचपते. ती चिडते. मी तरी चाचपते.