लोकांना खुली झालेली बोट

आमच्या ह्यांनी बंगळूरच्या सरकारी कारखान्यात अख्खी नोकरी केली, पण तिथे नेमकं काय केलं ते मला माहीत नाही. लग्न होऊन राजाजीनगरात आले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, युद्धनौकांसाठी एक यंत्र बनवतो, पुढचं गुप्त असतं. मला वाटलं, नवीन नवरा भाव खातोय. पण नाही हो, हा माणूस खरंच तसा. केतकीच्या बारशाला हे नाहीत, माझ्या वडलांच्या दहाव्याला नाहीत. का, तर यंत्राची चाचणी. शेजारच्या अक्का विचारायच्या, यजमान काय करतात? मी म्हणायची, देवाला माहीत.

नोकरीत फिरायला भाडं मिळायचं. बाकीची मंडळी सिमल्याला, काश्मीरला जायची. आम्ही मात्र जिथे म्हणून जुनी बोट लोकांना बघायला ठेवलीय तिथे. विशाखापट्टणमची पाणबुडी मी दोनदा पाहिली. वाकून वाकून कंबरेचा पार भुगा झाला. केतकी कुरकुरायची, समुद्राकाठी येऊन पाण्यात पाय म्हणून घालायचे नाहीत. हे प्रत्येक बोटीत कोपरे धुंडाळायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, हिच्यात नव्हतं.

एकदा मी चिडून विचारलं, काय नव्हतं? तेव्हा कुठे उलगडा झाला. ह्यांचं यंत्र ज्या जातीच्या बोटींवर बसवलं होतं, त्यातली एखादी निवृत्त होऊन पर्यटकांसाठी उभी राहिली, की ते मला दाखवता येणार होतं. जे लोकांना खुलं झालं ते गुप्त राहिलं नाही, असं ह्यांचं म्हणणं. मी हसले खरी. पण त्या दिवसापासून मीही वाट बघायला लागले, खोटं कशाला बोलू. ज्या सवतीपायी माझा संसार अर्धा झाला, तिचं तोंड तरी बघायचं होतं.

निवृत्तीनंतर ह्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आणि यंदाच बातमी आली, किनाऱ्यावरच्या एका गावी तसलीच बोट संग्रहालय म्हणून उघडलीय. महादेवपुऱ्याहून केतकीचा फोन, बाबांना या कंडिशनमध्ये कुठे नेतेस, शिड्या स्टीप असतात, व्हिडिओ बघा ना. मी म्हटलं, तू गप्प बस. यशवंतपूरहून सकाळची गाडी धरली. ह्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारखान्यात जायचे तसा.

बोटीवर रक्षिता नावाची मुलगी सगळ्यांना माहिती सांगत होती. शिडी उतरताना मी खालून ह्यांचा एकेक पाय पायरीवर टेकवत होते, आणि हे वरून मला समजावत होते. आतली सर्किटची कार्डं काढून घेतली असतील, ती काढतातच, पण पेटी राहील. करडी लोखंडी पेटी. तीच दाखवतो तुला.

खालच्या खोलीत पेटी होती. करडीच होती. मध्ये गोल काच, बाजूला बटण. एका बाईने बटण दाबलं तर काचेत हिरवा दिवा गोल फिरायला लागला. ह्यांचा हात धरून मी पेटीवर ठेवला. ह्यांनी ती चाचपली, मग बोटाने टकटक केलं. पुन्हा एकदा केलं. आवाज प्लायवूडचा होता.

रक्षिताने कन्नडमध्ये नीट सांगितलं, अंकल, खरं यंत्र पेटीसकट काढून फोडून टाकतात, मगच बोट आम्हाला देतात, तसा नियमच आहे. हे सुताराने बनवलंय.

"सरी," म्हणजे बरं, एवढंच हे तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "नियम बरोबर आहे. मागे काहीही ठेवू नका, असं मीच बैठकीत भांडून मान्य करून घेतलं होतं. पेटीही त्यातच आली, हे डोक्यातच आलं नाही."

परत आल्यापासून हे गॅलरीत नुसते बसून असतात. डाव्या डोळ्याचं आता संपलंच. काल मला राहवलं नाही. मी म्हटलं, यंत्र भंगारात गेलं, नजर चालली, आता मला एकटीला तरी सांगा, ते करायचं काय?



"हेमा, ते गुप्त आहे गं."

असा संताप आला मला, की हातातलं भांडं फेकून मारावं. मग ह्यांनी दोन्ही हात समोर धरले, थोडे लांब नेले, थोडे जवळ आणले आणि म्हणाले, पेटी एवढी रुंद होती, एवढं सांगायला हरकत नाही. मी त्या दोन हातांच्या मध्ये बघत राहिले. तिथून आमचं तुळशीचं रोप दिसत होतं.