गोल झाला तर गावाकडं

आमच्या जिनिंगच्या सेठला फुटबॉलचा नाद होता आणि त्या नादावर आमचं पोट होतं. हिंगोलीत कापसाचा हंगाम फाल्गुनात आटोपला की जिनातले बहुतेक गडी आपापल्या गावी जात. मागं राहायचे ते फक्त सेठच्या टीमचे. त्यांचा उन्हाळाभर पगार चालू, गड्यांच्या लाइनीतली खोलीही चालू. अट एकच होती : शेवटचा सामना झाल्यावर चांदीची ढाल सेठच्या गादीमागं भिंतीवर दिसली पाहिजे. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, त्या टीमचे गोली. कागदावर ते कापसाच्या गठाणी मोजत. खरा पगार बॉल अडवण्याचा होता.

ही पोलीस ॲक्शनच्या काही वर्षं आधीची गोष्ट. ढाल आदल्या साली आमच्याकडं आली होती, त्यामुळं या वेळी सामना बरोबरीत सुटला तरी ती हलणार नव्हती. आमच्या पुढच्या फळीची मला खात्री नव्हती, म्हणून मी हिशेब सरळ धरला होता. आपला गोल होणार नाही, तेव्हा त्यांचाही व्हायला नको. झाला, तर आखाडा बाळापूरला सासरच्या घरी.

बाळापूरचं घर वाईट नव्हतं. माणसं जीव लावणारी होती. पण तिथं डाळ किती टाकायची हे थोरल्या जाऊबाई ठरवत आणि भाकरी कधी थापायला घ्यायच्या हे सासूबाई. लाइनीतल्या त्या एका खोलीत हे मी ठरवत होते. ते सोडायची माझी तयारी नव्हती.

सामन्याच्या आठवड्यात मी स्वस्थ बसले नाही. खोली सारवली, मालकांच्या कोपरांना बांधायला जिनातल्या रुईच्या गाद्या शिवल्या, सणवार नसताना पाटावर शेवया केल्या. शेजारीण दारातून म्हणाली, "काहून गं, पाव्हणे येऊन राहिले का?"

"जंक्शनवाले येऊन राहिलेत, सामना खेळायला, उद्याच्या गाडीनं."

"मग त्यांनाच चार शेवया जास्त वाढ. पोट जड झालं तर पळणार न्हाईत."

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात मैदान होतं. छावणीचं जुनं मैदान काळ्या मातीचं. थंडी सरली की त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडत, आणि उगवतीकडच्या गोलसमोर तर पाय अडकेल एवढ्या. बॉल भेगेवर पडला की कुठं उडेल याचा नेम नाही.

ही काळजी जिनाच्या इंजिनमिस्त्रीलाही होती. टीमवर त्याचा इतका जीव की सामना हरला तर तो जेवत नसे. त्यानं तोड काढली. म्हणाला, "माती भरली तर दुसऱ्या दिवशी खाली बसते. सरकी दाबून भरू. बराबर बसते, अन् वर मातीचा थर."

जिनात सरकीचे, कापसातून निघालेल्या बियांचे, डोंगर पडलेले असत. आम्ही सगळे तिच्यावरून चालत असू, कपड्यांतून ती झटकत असू. जिनातल्या माणसाला सरकी म्हणजे केरच. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी गड्यांनी पोती वाहिली, भेगा ठासून भरल्या, वर माती पसरून नाचून नाचून दाबली. मैदान तळव्यासारखं सपाट झालं. मिस्त्री खुशीत घरी गेला.

सकाळी रानात निघालेली गावची गुरं मैदानाच्या कडेनं चालली होती. त्यांना सरकीचा वास लागला. आम्हाला कळलं तेव्हा सगळा कळप उगवतीच्या गोलसमोर होता. खुरांनी माती उकरलेली, शिंगांनी ढेकळं उलटलेली, आणि एक म्हैस गोलच्या मधोमध बसून रवंथ करत होती.

मिस्त्री गुराख्यावर धावून गेला. म्हातारा गुराखी काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मी न्हाई आणली, बाबा. तुमी पंगत मांडली, ती बसली."

भांडायला वेळ नव्हता. घागरी असलेल्या बायकांना मी विहिरीकडं लावलं, टोपल्यांवाल्या गड्यांना नदीच्या रेतीकडं. दुपारची गाडी येईतो खड्डे बुजले. पण जागा मऊच राहिली. पाय ठेवला की उमटत होता.

आम्ही बायका लिंबाखाली सोडलेल्या बैलगाडीत बसून सामना पाहिला. अर्ध्या वेळेपर्यंत कोणाचाच गोल नाही. मग बाजू बदलल्या आणि आमचे मालक उगवतीच्या गोलमध्ये आले. सगळ्या हिंगोलीची नजर त्यांच्या पायांखालच्या मातीवर. माझीही. बॉल तिकडं सरकला की मी गाडीची दांडी धरायची, परतला की सोडायची. दोनदा बॉल त्या मऊ मातीत रुतून थांबला आणि मालकांनी झडप घालून घेतला. शेजारीण म्हणाली, "सोड आता ती दांडी, मोडशील."

मी सोडली. तेवढ्यात त्यांच्या उंच फॉरवर्डनं लांबून बॉल मारला. मालक उडाले, बोटं लागली असतील नसतील, आणि बॉल वरच्या बांबूखालून आत गेला. मातीला तो शिवलाच नाही. पुढं बराच खेळ झाला, पण आमचा गोल काही झाला नाही. ढाल संध्याकाळच्या गाडीनं जंक्शनला गेली.

दिवेलागणीला सेठचा मुनीम येऊन निरोप देऊन गेला : खोली अमावास्येपर्यंत ठेवा, मग किल्ली द्या. त्याच्या मागोमाग मिस्त्री आला आणि उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "वहिनी, माझ्यानं झालं हे. सरकी टाकली नसती तर..."

आतून मालक म्हणाले, "बॉल वरून गेला, मिस्त्री. वर गुरं चरत न्हाईत."

"पन पाय रुतला आसंल तुमचा. उडताना."

"न्हाई रुतला. त्यानं चांगला मारला. जेवून घ्या."

मिस्त्रीला ते पटलं नाही. बाहेर लाइनीतल्या गड्यांत वाद पेटला होता, कोणी गुराख्याला शिव्या देत होतं, कोणी म्हशीला. मालक पाटावर बसून कोपरांवरच्या रुईच्या गाद्या सोडत होते. त्यांनी मला विचारलं, "बाळापूरला कधी निघायचं?"

"अमावास्येपर्यंत खोली आपली हाय," मी म्हटलं. "तोवर काहून निघायचं?"

मग मी मिस्त्रीचं ताट वाढलं आणि डाळ थोडी जास्त टाकली.