मार्लिसच्या बाणाचा वेग

मार्लिस ट्वेटनचा उजवा खांदा चीजच्या कारखान्याने खाल्ला, असं तिचा नवरा वेंडेल म्हणायचा. सत्तावीस वर्षं तिने पट्ट्यावरून येणाऱ्या चाळीस-चाळीस पौंडांच्या लाद्या उचलून खोक्यांत भरल्या होत्या. निवृत्त झाली त्या वर्षी कारखान्याने तिला एक घड्याळ दिलं आणि डॉक्टरांनी खांद्यात तीन स्क्रू बसवले. जुलैत, व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने आता रोजची कामं करायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मार्लिसने पहिला प्रश्न विचारला, "आणि धनुष्य?"

मुलीने फाईलमधून मान वर केली. "तुमचं वय एकसष्ट ना?"

"धनुष्य वय विचारत नाही," मार्लिस म्हणाली. "जोर विचारतं."

तो जोर आता उतरला होता. पूर्वी ती पंचावन्न पौंडांची दोरी गालापर्यंत सहज ओढायची. आता चाळीसच्या पुढे गेलं की खांद्यात कळ यायची. हरणाच्या शिकारीला कायद्याने तेवढं पुरे होतं. पण हरणाची वाट बघत झाडावर कायदा बसत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आसपासच्या खोऱ्यांतले सगळे धनुष्यवाले लायलच्या शेडमध्ये जमत. लायल वेंडेलचा धाकटा भाऊ. धनुष्यं विकायचा, दुरुस्त करायचा. शेडच्या टोकाला वेग मोजायचं यंत्र होतं. त्यातून बाण सोडायचा, तो सेकंदाला किती फूट गेला ते यंत्र सांगायचं आणि लायल तो आकडा ज्याच्या त्याच्या नावापुढे खडूने भिंतीवर लिहायचा. वर्षभर तो तिथे राहायचा. माणसं एकमेकांना 'कसा आहेस' विचारायच्या आधी भिंतीकडे बघत. सगळ्यात वरचा आकडा तीनशे अडतीस होता. मार्लिसचा गेली कित्येक वर्षं दोनशे सेहेचाळीस असे, आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नसे.

या वेळी यंत्राने दोनशे चार दाखवले.

"पुन्हा मारू दे तिला," मागून कुणीतरी म्हणालं. "यंत्राला वाटलं, पक्षी गेला."

"पक्षी जोरात जातो रे," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मार्लिसही हसली. मग ट्रकमध्ये बसून तिने दार जोरात आपटलं.

रात्रीच्या जेवणात वेंडेलने विषय काढला. "लायलकडे क्रॉसबो आलाय नवा. बंदुकीसारखा खांद्याला लावायचा आणि चाप ओढायचा. दोरी ओढून ठेवायलाही हँडल आहे."

"मग झाडावर मी काय करायचं? भरतकाम?"

"तसं नव्हे गं. पण अर्धवट लागलं आणि हरीण रखडत मेलं तर? तूच झोपणार नाहीस."

हे खरं होतं. म्हणून तर ती चिडली. बशी बाजूला सारून ती म्हणाली, "हा एक मोसम. माझ्या बाणाने एक जरी हरीण जखमी होऊन हाती लागलं नाही, तरी मी स्वतः धनुष्य लायलला विकून टाकीन. आणि मला क्रॉसबोही नको. मग तुम्ही भाऊ-भाऊ जा, मी फ्रीझर भरायला दुकानातून गोमांस आणीन."

वेंडेलने मान हलवली. बायको बोललेलं करते, हे त्याला पस्तीस वर्षांत कळलं होतं.

मार्लिसने धनुष्य हातात घेतलं ते चौतिसाव्या वर्षी. तीन मुलं, कारखाना, वेंडेलची कागद गिरणीतली पाळी. नोव्हेंबरातले बंदुकीच्या शिकारीचे नऊ दिवस पुरुषांचे. जंगलातल्या खोपटात त्यांचे पत्ते, त्यांची ब्रँडी आणि त्यांच्यासाठी बायकांनी रांधून दिलेली पातेली. धनुष्याचा ऑक्टोबर मात्र तेव्हा कुणाचाच नव्हता. शेजारच्या एका विधवेने नवऱ्याचं धनुष्य विकायला काढलं होतं, ते हिने घेतलं. मुलं शाळेत असताना ती रानाच्या कडेच्या ओकवर, मचाणावर जाऊन बसे. पहिल्या वर्षी एकही हरीण मिळालं नाही. पण लग्नानंतर पहिल्यांदाच सलग तीन तास तिला कुणी काही विचारलं नाही. मोजे कुठे आहेत, जेवायला काय आहे, दूध संपलं का. वर ती, खाली रान. त्यानंतर तिने एकही ऑक्टोबर चुकवला नाही. पुढे हरणंही मिळू लागली; फ्रीझरमधलं निम्मंअधिक मांस तिचं असे. पण ती वर चढायची ते काही केवळ मांसासाठी नव्हे, आणि हे तिने कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं तर कुणीतरी सोबत यायला निघालं असतं.

दुसऱ्या आठवड्यात ती एकटीच लायलकडे गेली. "आकडा वाढव," ती म्हणाली.

"दोरी घट्ट करू?"

"दोरी आहे तेवढीच राहील. दुसरं काय करता येईल?"

लायलने कपाटातून अगदी हलके बाण काढले, गवताच्या काडीसारखे. तेच धनुष्य, तीच मार्लिस. यंत्राने दोनशे चौतीस दाखवले. तीस फूट फुकटात मिळाले होते. लायलने जुना आकडा बाहीने पुसून नवा लिहिला आणि मार्लिसला किती तरी दिवसांनी हलकं वाटलं. येताना तिने वेंडेलच्या आवडीचे चीजचे ताजे तुकडेही घेतले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी एक मादी मक्याच्या शेतातून निघून ओककडे आली. बावीस यार्डांवर आडवी उभी राहिली, मान खाली घालून ओकची पडलेली फळं खाऊ लागली. मार्लिसने दोरी ओढली. खांदा कुरकुरला नाही. नेम बसला. बोट हललं.

धनुष्य वाजलं. रिकाम्या डब्यावर पळी आपटावी तसं. आणि मार्लिसच्या डोळ्यांदेखत ती मादी खाली बसली. पळायच्या आधी हरीण पायांत दबतं, तशी दबली. छातीवर जायचा बाण पाठीवरून घासत गेला. पुढच्या क्षणी रान रिकामं होतं.

बाणावर चार तपकिरी केस आणि ओशटसा एक पट्टा मिळाला. वेंडेल आणि लायल कंदील घेऊन आले. तिघांनी गुडघ्यांवर रांगत पान न् पान उलटून पाहिलं. रक्ताचा थेंब सापडला नाही.

"ओरखडा आहे नुसता," लायल म्हणाला. "परवा तुझ्या परसातला कोबी खाताना दिसेल."

"तुला ती म्हणाली वाटतं तसं?"

"मार्लिस, चरबीचा डाग आहे. आत गेलेलाच नाही बाण."

वेंडेलने कंदील उचलला. तो शपथ विसरला नव्हता, आणि ती आठवण करून देण्याइतका निर्दयही नव्हता. मार्लिसला मात्र झोप आली नाही. हरीण वाचलं असेल. मग शपथही मोडली नाही. पण ते तिच्यामुळे नव्हे, दोन इंचांमुळे.

शुक्रवारी ती रानात गेली नाही. स्वयंपाकघरात सफरचंदं शिजत ठेवून ती कागद-पेन्सिल घेऊन बसली. बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट. तिच्या बाणाला तिथे पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. म्हणजे बाण वाटेवर असतानाच आवाज हरणाच्या कानात. तिने भिंतीवरचा सगळ्यात वरचा तीनशे अडतीसही मांडून पाहिला. तोही हरला. त्या भिंतीवरच्या एकाही माणसाचा बाण स्वतःच्या आवाजापुढे जाणारा नव्हता. सगळी शर्यत एकमेकांशी चालली होती; हरणाचा त्यात भागच नव्हता.

शनिवारी ती पुन्हा शेडमध्ये उभी होती. "हलक्या बाणाने धनुष्य जास्त वाजतं का रे?"

लायलने हातातली दोरी खाली ठेवली. "वाजतं. हलका बाण सगळा जोर घेऊन जात नाही. उरलेला धनुष्यातच थरथरतो."

"हे तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय! धंदाच आहे माझा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू आकडा मागितलास, मी आकडा दिला," लायल म्हणाला, मग जरा ओशाळून, "सगळे आकडाच मागतात गं."

"मला तुझ्याकडचे सगळ्यात जड बाण दे."

"हे? हे बाण आहेत की कुंपणाचे खांब? एकशे सत्त्याऐंशी येईल तुझा. भिंतीवर लिहू?"

"लिही. खडू संपला असेल तर मी आणून देते."

घरी तिने वेंडेलला लाकडांच्या ढिगाआड, लक्ष्याच्या बाजूला वीस यार्डांवर उभं केलं. कागद गिरणीच्या यंत्रांनी त्याचे कान निम्मे नेले होते. ऐकायचं यंत्र कानात घालायला तो तयार नव्हता. "आवाज आला की हात वर कर," ती ओरडली.

"काय?"

"हात! वर!"

हलका बाण सुटला. ढिगाआडून हात वर आला. पुन्हा सुटला, पुन्हा हात. मग तिने जड बाण लावला. तो लक्ष्यात गेला. हात आला नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. शेवटी वेंडेलचा आवाज आला, "अगं, मारतेस की नाही? गारठलो मी!"

मार्लिसने धनुष्य खाली घेतलं. वेंडेलला न ऐकू येणं म्हणजे हरणाला न ऐकू येणं नव्हे, एवढं तिला कळत होतं. पण फरक होता आणि तो तिच्या कामाचा होता. बाण मात्र आता पूर्वीपेक्षा बराच खाली पडत होता. वीसच्या पुढे तर अंदाजच. तिने परसात पंधरा यार्डांवर खुंटी ठोकली आणि सबंध आठवडाभर तिथूनच मारत राहिली. रानातही तिने मचाण हलवलं. मोकळ्या कडेवरून आत, हरणांच्या पायवाटेला लागून, जिथून पंधरा यार्डांपलीकडे झुडपांमुळे नीट दिसतच नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, थंडी कडक पडल्यावर, सकाळी एक नर आला. दहा टोकांची शिंगं, जाड मान. असा तिने एवढ्या वर्षांत दोनदा पाहिला असेल. झुडपांच्या एका फटीत तो आडवा उभा राहिला. सत्तावीस यार्ड. स्क्रू बसवायच्या आधीच्या खांद्याने तिने क्षणाचाही विचार केला नसता. हात दोरीवर गेला आणि तिथेच थांबला. नराने नाक वर केलं, हवा हुंगली आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. मार्लिसने दोरीवरचा हात काढला. डोळ्यांत पाणी आलं. थंडीचं म्हणावं तर वारा नव्हता.

तासाभराने पायवाटेवरून एक मादी आली. एकटी, अंगाने भरलेली. चालत चालत मचाणाखालून पुढे गेली आणि तेरा यार्डांवर थांबली. मार्लिसने दोरी सावकाश ओढली. बाण सुटल्याचं तिला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही. मादीने एक उडी घेतली, दहा-बारा पावलं गेली आणि उभी राहिली. कुणी हाक मारली की काय, अशी मागे वळून बघू लागली. मग तिचे मागचे पाय दुमडले. बाण आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतला होता.

मार्लिस नेहमीसारखी अर्धा तास वरच बसून राहिली. मग उतरली, मादीच्या मानेवर हात ठेवून जराशी थांबली आणि वेंडेलला फोनवरून निरोप पाठवला.

तो दोर घेऊन आला तेव्हा तिने पोट साफ करत आणलं होतं. थंडीत वाफ निघत होती. वेंडेलने बरगड्यांतली भोकं पाहिली, दोन्ही बाजूंची.

"किती दूर होती?"

"तेरा."

"आणखी काही दिसलं?"

"दहा टोकांचा. सत्तावीसवर."

वेंडेल दोर सोडवता सोडवता थांबला. "मग?"

"मग काय. गेला."

त्याने दोर मादीच्या मानेला बांधला. "पुढच्या वर्षी खांदा आणखी उतरला तर?"

"तर दहा यार्डांवर बसेन."

"आणि त्याच्याही पुढच्या?"

"तेव्हा बघू," मार्लिस म्हणाली. तिने काळीज पिशवीत घातलं, हात गवतावर पुसले आणि दोराचं एक टोक डाव्या खांद्यावरून घेतलं.