पांढरी सोडलेली जागा

भगवंतराव काकांनी काढायला घेतलेलं चित्र मी पूर्ण करून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. ते खाली दूध आणायला गेले होते आणि कडुनिंब न् स्टेशनचं छप्पर यांच्यामधे बोटभर कागद कोरा दिसला. उदगीरच्या शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी आम्हाला एकच कला शिकवली होती: जागा रिकामी ठेवली की मार्क कापतात. घेतला ब्रश, भरला निळा.

काका आले. दुधाची पिशवी हातातच राहिली.

"हे कुणी केलं?"

"राहिलं होतं, काका."

"राहिलं नव्हतं रे सारंग, सोडलं होतं. उजेड रंगवत नसतात. तेवढा कागद वाचवायचा असतो."

काकांची हयात कोर्टात नकला उतरवण्यात गेली. रिटायर झाल्यावर मोबाइलवर बघून जलरंग शिकले आणि खिडकीची नक्कल काढायला बसले. सुरुवातीच्या चित्रांवर मालनकाकूंचा निकाल असायचा, "हौ, छान आहे. फक्त रेल्वे म्हशीसारखी का दिसते?"

पण ही हौस नव्हती. काचीगुडा स्टेशनाजवळचं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने. लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून काकू खाली उतरल्याच नव्हत्या. बाजार, सिनेमा, माहेर, सगळं त्या एका खिडकीत. आणि समोर अपार्टमेंट चढत होतं. खिडकी बुजायच्या आत ती कागदावर घ्यायची, एवढाच बेत. मी निळी केलेली जागा म्हणजे सकाळचं ऊन काकूंच्या खाटेवर यायची वाट.

जाड कागद तो शेवटचाच होता. "मी आणतो, काका. आजच," मी छातीठोकपणे म्हणालो. आधी ऑफिस आडवं आलं, मग आळस. शेवटी जो आणला तो पाणी लागताच पापडासारखा वळला. तोवर समोर स्लॅब भरला, विटा आल्या.

आता तेच चित्र फ्रेम होऊन भिंतीवर आहे. काकू भरदिवसा ट्यूबलाइट लावून बघतात.

परवा त्यांनी निळ्यावर बोट ठेवलं. "सगळं जमलंय हो. पण इथून उजेड यायचा ना?"

"हात चुकला माझा," काका म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मग परत काढा की."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. विटांना अजून गिलावाही झाला नव्हता.

"कागद आणलास का रे?"

"उद्या नक्की, काका."

"घाई नक्को," ते म्हणाले. "आता काय बुजायचं राहिलंय?"