सीन एकेचाळीस : वार्ताहर घड्याळ घेतो

निवृत्त क्राइम रिपोर्टर लग्नाच्या पंगतीत बसला की शेजारचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत म्हणतो, "अंडरवर्ल्डचं काहीतरी सांगा ना!" जणू पस्तीस वर्षं मी नोकरी करत नव्हतो, यांच्या जेवणाची करमणूक जमवत होतो. पूर्वी मी भांडायचो. आता अंडरवर्ल्डचं सांगतच नाही, अंडरवर्ल्डवरच्या सिनेमाचं सांगतो. गेल्या थंडीत श्रीवर्धनला एका क्राइम कॉमेडीचं शूटिंग झालं. मी सल्लागार होतो. गुन्ह्यांच्या बीटवर पस्तीस वर्षांत जमले नाहीत इतके किस्से तिथे बावीस दिवसांत जमले. बीटवर निदान गुन्हेगार तरी गंभीर होते!

*

दिग्दर्शक अनीश. वय बत्तीस, जन्म अंधेरीचा. गोष्ट अशी, की किनाऱ्यावर स्मगलिंगचा माल उतरतो, तो चोरीला जातो आणि तीन टोळ्या एकमेकींच्या मागे लागतात. दर दोन मिनिटांनी कोणीतरी पळतं, कोणीतरी पडतं. माझी हरकत नव्हती.

मग पटकथा वाचता वाचता मी सीन एकेचाळीसवर आलो. डॉनचा माणूस वार्ताहराला सोन्याचं घड्याळ देतो. वार्ताहर ते कानाला लावतो, हसतो आणि लिहिलेली बातमी फाडून टाकतो.

"हे काढा," मी म्हणालो.

"सर, कॉमेडी आहे!"

"मग डॉक्टर घेऊ दे. वार्ताहरच कशाला?"

"सर, डॉक्टर बातमी कशी फाडणार?"

मी स्पष्ट सांगितलं. हा सीन राहिला तर पडद्यावर माझं नाव नको, आणि सिनेमा लागेल त्या दिवशी मी याविरुद्ध लिहिणार.

"कुठे लिहिणार, सर?" त्याने अगदी निरागसपणे विचारलं.

रिटायर्ड माणसाला असं विचारू नये.

*

अनीशला 'खरे चेहरे' हवे होते. गावात बातमी पसरली आणि पन्नासेक माणसं आली. काळे गॉगल, गळ्यात साखळ्या, एकाने तर गालावर पेनने व्रण काढला होता. शेवटी धर्मा नाखवा आले. पंचाहत्तरी उलटलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. तरुणपणी होड्यांवरून चोरीचा माल उतरवणाऱ्यांत हा माणूस होता, हे मला माहीत होतं. मी त्यावर लिहिलं होतं.

ऑडिशन घेणारी मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही स्मगलर वाटतच नाही हो."

"म्हनून तर कदी पकडला गेलो न्हाय, बाय!"

त्यांना बिनसंवादाचं एक काम मिळालं. सीन एकेचाळीसमध्ये घड्याळ द्यायचं.

*

डॉनचा अड्डा म्हणून मंदाताईंचं अंगण भाड्याने घेतलं होतं. अंगणभर सुपारी वाळत घातलेली. (सुपारीवरचा तो विनोद युनिटमधल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी केला. मी सांगणार नाही.) पाठलागाचा सीन पडद्यावर एक मिनिटाचा, पण शूटिंग चाललं दहा दिवस. पहिल्या दिवशी सुपारी केशरी होती, दहाव्या दिवशी तपकिरी.

एका शॉटची दुसऱ्या शॉटशी जुळणी बघणारा असिस्टंट रडवेला झाला. "डॉन दारातून निघतो तेव्हा केशरी, फाटकापाशी पोचतो तेव्हा तपकिरी! ताई, थोडे दिवस वाळवू नका ना."

"मी कुठे वाळवत्ये? ऊन वाळवतंय. त्याला सांग!"

दुसऱ्या दिवशी ताई बाजारात गेलेल्या असताना युनिटवाल्यांनी पुढच्या चार रांगांवर केशरी स्प्रे मारला. ताई परत आल्या, एक सुपारी उचलली, बोट बघितलं आणि थेट अनीशच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. चार रांगा त्याला विकत घ्याव्या लागल्या.

"अहो, आमची सुपारी वाळून गेली," ताई म्हणाल्या, "तुमचा डॉन अजून माझ्या फाटकाबाहेर पडेना. आणि म्हणे फास्ट सिनेमा!"

*

इन्स्पेक्टरचं काम करणारा नट पुण्याचा, मोठा सज्जन. म्हसळ्याच्या वाटेवर एका हॉटेलात वर्दीतच चहाला बसला. एक शेतकरी समोर आला आणि बांधावरचे नारळ कोण चोरतो याची तक्रार सांगू लागला. आपण नट आहोत हे सांगायला याला जागाच मिळेना. म्हणून त्याने सगळं ऐकलं, मध्ये मध्ये "मग?" म्हणाला, शूटिंगच्या वेळापत्रकाच्या पाठीवर नावं लिहून घेतली.

दोन दिवसांनी तो शेतकरी सेटवर हजर. हातात शहाळ्यांचा घड! नटाने हात जोडून खरं सांगितलं.

"ठाऊक हाय, साहेब. शेजाऱ्यानं सांगितलं," तो म्हणाला. "पन येवढा वेल कोनी आयकून घेतलं न्हवतं."

शहाळी ठेवून गेला. मी अनीशला म्हणालो, "हे घाल सिनेमात." तो म्हणाला, "सर, यात कोणी पळत नाही."

*

माझं भांडण रोज चालूच होतं. अनीश तडजोडी घेऊन यायचा.

"सर, वार्ताहर घड्याळ घेतो, पण रात्री त्याला झोप येत नाही."

"नाही."

"सोन्याऐवजी स्टीलचं?"

"मी काय भाव पाडतोय का?"

"सर, घेतो, पण ते बंद पडलेलं निघतं!"

मी खुर्चीवरून उठलो. तो मागून म्हणाला, "आमच्या डॉनला तुमच्याकडे ट्रेनिंगला पाठवतो!"

*

शेवटी तो सीन आलाच. दुपारची वेळ, बंदरावरची जुनी खोली. मी मुद्दाम कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलो, हाताची घडी घालून. वार्ताहर झालेला नट टेबलाशी बसला. धर्मा नाखवा आत आले, खिशातून घड्याळ काढलं, पुढे केलं आणि पुन्हा खिशात घातलं.

"कट! काका, द्यायचंय."

दुसरा टेक. पुन्हा खिशात. तिसरा टेक. पुन्हा खिशात.

"काका, काय झालं?"

"रिपोर्टर घेत न्हाय, डायरेक्टरसाहेब." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे काय उभे हायत. मी गेलतो ना द्यायला, अलिबागला, ह्यांच्या हापिसात. ह्यांनी मला जिन्यावरनं हाकलला. आयशीवरनं शिवी दिली!"

अक्षरशः खरं होतं. माझा आवाज चढला. "ऐकलंस, अनीश? अशी माणसं होती आमच्या ऑफिसात!"

"व्हय," धर्मा नाखवा म्हणाले. "मंग मी वरच्या माल्यावर गेलो. संपादकांस दिलं. लय चांगला मानूस. मला चहा पाजला."

त्या मालावरची माझी बातमी जागेअभावी राहिली, असं मला सांगण्यात आलं होतं. मला लिहायला ज्यांनी शिकवलं, बाहेर कोणाचा चहासुद्धा घेऊ नकोस असं ज्यांनी बजावलं, ते आमचे संपादक. पुढे चौदा वर्षं, रोज संध्याकाळी, मी बातमी टेबलावर ठेवली की ते मनगटाकडे बघून म्हणायचे, "आजही उशीर!"

अनीश उडालाच. "सुपर्ब! सर, तुम्ही जिंकलात! वार्ताहर हाकलून देतो, संपादक घेतो. दहा मिनिटांत लिहितो. तुम्हाला खरं तेच दाखवायचं होतं ना? सांगा, कसे दिसायचे ते? चष्मा होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. धर्मा नाखवासुद्धा.

"ऊन उतरायला लागलंय," मी म्हणालो. "लिहिलंय तसंच घे."

"म्हणजे वार्ताहर घेतो?"

"घेऊ दे."

धर्मा नाखवांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग घड्याळ पुढे केलं. एका टेकमध्ये ओके!