माझ्या घशाची चाचणी

मुलं चाचणी सोडवत असताना शिक्षकाने तोंड उघडू नये, हे मी मालेगावच्या प्रशिक्षणात बाकीच्या शिक्षकांना ठणकावून सांगितलं, चहा-बिस्किटं घेतली, आणि मेडशीजवळच्या आमच्या शाळेत परत येऊन तोंड उघडलं. उघडलं म्हणजे काय, एखाद्याचं पेन चुकीच्या उत्तराच्या गोलावर टेकलं की माझ्या घशातून "अंहं, नीट वाच बरं" आपोआप निघायचं. बरोबर गोलावर टेकलं की मी समाधानाने खोकायचो.

याला मी आकारिक मूल्यमापन म्हणत होतो. मोठ्या परीक्षेआधी छोट्या चाचण्या घ्यायच्या, पोरगं कुठं अडतं ते हेरायचं आणि तेवढंच पुन्हा शिकवायचं, असं ते असतं. माझ्या वर्गात कुणी अडतच नव्हतं! दर शनिवारी सगळे पैकीच्या पैकी. त्यांत माझी मुलगीही, पाचवीतली, शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारी. शिष्यवृत्ती आपलीच, असं तिने आजीला फोनवर सांगूनही टाकलं होतं. मीही पाहुण्यांत छाती काढून हिंडत होतो.

परीक्षेला महिना उरला असताना मालेगावला सराव परीक्षा झाली. पर्यवेक्षक परके. मुलगी घरी आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून पायरीवर बसली.

"कसा गेला पेपर?"

"बाबा, ते सर कायीच बोलत नव्हते. मी चारी गोलांवर पेन ठिवून पाह्यला. ते नुसते खिडकीतून बाहीर पाहून राह्यले होते."

"मंग?"

"मंग घंटा झाली." आणि तिला रडू फुटलं.

मी तिला चाचण्यांमागचा शास्त्रीय हेतू समजावू लागलो. बायको दारात येऊन उभी राहिली.

"थे राहू द्या. तिले काय येत नाही, थे सांगा."

"तशी हुशार आहे ती."

"हे तं पाव्हणेबी सांगतात. अपूर्णांक येतात का तिले?"

मी खोकलो. मुलगी रडता रडता फिसकन हसली.

बायको म्हणाली, "हा खोकला बरोबरचा का चुकीचा? उद्यापासून हिच्या चाचण्या मी घेतो. तुमी तवरोक फाट्यावर जाऊन बसत जा. अन घसा संगच नेजा."